आमंत्रण मिळालंय, पण आपण पानावर बसलोय का? (लूक 14)

भीमाकाठ

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या मोठ्या जेवणाच्या दाखल्यावर (बोधकथेवर) इथे सविस्तर बोलावं असं फार दिवस मनात होतं. एक माणूस मोठं जेवण घालतो, बोलावलेले पाहुणे शेत, बैल, लग्न अशा सबबी सांगून येत नाहीत, मग तो गरिबांना आणि रस्त्यावरच्यांना आत आणवतो, अशी ती गोष्ट. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) हा दाखला अधूनमधून वाचला जातो आणि उपदेश बहुतेक वेळा बाहेरच्यांकडे बोट दाखवून संपतो. जगाने देवाचं आमंत्रण नाकारलं, जगाला शेतं आणि बैल प्यारे, वगैरे. मला हा दाखला तसा वाचवत नाही.

येशू हे कुठे बसून सांगतोय ते बघा. शब्बाथाचा, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीचा दिवस आहे, एका परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या) पुढाऱ्याच्या घरी जेवण चाललंय. पंगतीतला एक जण मोठ्या समाधानाने म्हणतो की देवाच्या राज्यात जो जेवील तो धन्य. आपलं पान तिथे मांडलेलंच आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. त्याला उत्तर म्हणून हा दाखला येतो. आणि दाखल्यात जे आले नाहीत, ते सगळे आधीपासून आमंत्रण असलेले लोक आहेत. शास्त्र ज्यांच्या घरात होतं, सण ज्यांना पाठ होते, ते.

तेव्हाच्या रीतीप्रमाणे बोलावणं दोनदा जायचं. आमच्याकडे गावात अजूनही तसंच आहे. आदल्या दिवशी आवतण देतात आणि स्वयंपाक झाला की एखादा पोरगा दारोदार 'चला, पानं वाढलीत' म्हणत फिरतो. पहिल्या वेळी हो म्हणून दुसऱ्या हाकेला घरात बसून राहणं हा यजमानाचा चारचौघांत केलेला अपमान असतो. दाखल्यातला दास ही दुसरी हाक घेऊन आलाय: या, आता सर्व तयार आहे.

हे वाचलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुण्या-मुंबईत केवढं वादळ उठलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण पुढे 1907 साली स्वतःची साक्ष लिहिताना बाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ज्या बाईने या धर्मापायी आपल्या समाजाचा रोष पत्करला, ती हे म्हणते! मग ज्यांनी काहीच सोडलं नाही, जे पाळण्यात असल्यापासून ख्रिस्ती आहेत, त्या आपलं काय?

सार्वकालिक जीवनाचं आमंत्रण स्वीकारणं म्हणजे नेमकं काय करणं, याबद्दल तुम्हा सगळ्यांचं म्हणणं वाचायचं आहे.

---

शिवार

ताई, मी शेतकरी माणूस, तेव्हा त्या तीन सबबींबद्दल बोलतो.

पहिला म्हणतो, शेत घेतलंय, बघायला गेलं पाहिजे. न बघता शेत कोण घेतं हो? सातबारा बघतो, बांध कुणाकडून कोरलाय ते बघतो, विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं ते शेजाऱ्याला विचारतो, माती हातात घेऊन चोळून बघतो. मग इसार. दुसरा म्हणतो, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, तपासायला चाललोय. दहा बैल म्हणजे चांगला तालेवार माणूस. आणि बैल घेतल्यावर तपासतात होय? बाजारातच दात बघायचे, खांदा दाबून बघायचा, चालवून बघायचं, जमलं तर जुंपून बघायचं. पैसे दिल्यावर काय तपासणार?

म्हणजे कामं खोटी आहेत. लांबून ऐकलं तर वाटतं, बिचारे कामाचे लोक. पण ऐकणारे सगळे शेतीतले होते, त्यांना लगेच कळलं असणार की यांना यायचंच नाही.

तिसरा तर माफीही मागत नाही. बायको केली आहे, येता येत नाही, संपलं. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात नव्या लग्नाच्या माणसाला वर्षभर लढाईवर पाठवू नये असा नियम आहे. जेवायला जायला कुठे मनाई आहे?

माझं म्हणणं एवढंच की तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. जमीन, जनावर, संसार. चोरी-दारू यातलं काहीच नाही. म्हणून भीती वाटते. आमच्याकडे ऊसतोड चालू झाली की रविवारची उपासना निम्मी होते आणि त्यात मीही असतोच.

---

पापडीचा_वारा

शिवारभाऊ, सातबाऱ्याचं वाचून दाखला नव्याने उघडल्यासारखा वाटला.

मी वसईचा, कॅथलिक. भीमाकाठ यांच्या रमाबाईंबद्दलच्या परिच्छेदातल्या शेवटच्या वाक्यावर थोडं वेगळं म्हणायचं आहे. आमच्याकडे तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) होतो, माझाही झाला. त्याला 'काहीच सोडलं नाही' असं म्हटलेलं मला थोडं लागलं. आमची श्रद्धा अशी की देवाने आधी बोलावलं, आधी जवळ घेतलं. मी कळता होईपर्यंत तो थांबला नाही. आईबाबांनी माझ्या वतीने हो म्हटलं. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या वेळी मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं.

आणि दर मिस्साला (उपासनेला) ही हाक पुन्हा येते. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी धर्मगुरू भाकर उंच धरतात आणि सांगतात की हे देवाचं कोकरू, याच्या भोजनाला ज्यांना बोलावलंय ते धन्य. त्यावर आम्ही काय म्हणतो? प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही. हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायातल्या रोमी शताधिपतीचे बोल आहेत. परजातीच्या, परधर्माच्या एका सैनिकी अधिकाऱ्याचं वाक्य आम्ही जन्माचे कॅथलिक दर वेळी उसनं घेतो आणि मग रांगेत पुढे सरकतो. योग्यता नाही म्हणायचं आणि तरी जायचं. आमंत्रण स्वीकारणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उत्तर मला देता येत नाही.

तुमचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. रांगेत उभं असताना घड्याळाकडे बघणारे आमच्यात पुष्कळ आहेत.

---

नवी_पहाट

दोघांचं वाचलं. पण एक गोष्ट विरून जातेय असं वाटतं. कधीतरी ठरवावं लागतं! पौलाच्या रोमकरांस पत्रातलं 10:9 हे वचन स्पष्ट आहे: येशू प्रभू आहे असं मुखाने कबूल करशील आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं असा अंतःकरणात विश्वास धरशील तर तुझं तारण होईल. फिलिप्पै शहराचा तुरुंगाधिकारी बघा, ज्याच्या कैदेत पौल आणि सीला होते. भूकंप झाला, दारं उघडली, तो तलवार काढून जीव द्यायला निघाला होता. पौलाने थांबवलं. 'तारण व्हावं म्हणून मी काय करावं?' त्याच रात्री त्याने पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या, त्याच रात्री घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. एका रात्रीत!

मी दारूच्या व्यसनातून बाहेर आलेला माणूस आहे. माझ्या आयुष्यात आधी आणि नंतर असे दोन भाग सरळ दिसतात. ज्यांना तसे दिसत नाहीत त्यांच्यावर मी आरोप करत नाही. पण 'हळूहळू येतोय' म्हणत म्हातारे झालेले लोक मी पाहिलेत.

---

भीमाकाठ

पापडीचा_वारा, तुम्हाला लागलं ते वाचून वाईट वाटलं. स्नानसंस्काराला कमी लेखायचं माझ्या मनात नाही. देव आधी येतो हे मलाही सगळ्यात मोठं वाटतं.

नवी_पहाट, तुमची साक्ष मोलाची आहे. तुमच्याकडे सुवार्तेच्या सभांत प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) 3:20 नेहमी ऐकू येत असेल: 'पाहा, मी दाराशी उभा आहे व दार ठोकत आहे.' अविश्वासी माणसाने मनाचं दार उघडावं म्हणून हे वचन सांगतात. पण ते पत्र लावदिकीयाच्या मंडळीला आहे. म्हणजे आतमध्ये उपासना चालू आहे, वर्गणी जमतेय, मंडळी स्वतःला धनवान म्हणवतेय, आणि प्रभू बाहेर उभा राहून दार वाजवतोय. दार उघडलं तर काय करणार? 'त्याच्याबरोबर जेवीन.' इथेही जेवणच.

ठरवावं लागतं हे तुमचं खरं आहे. मला एवढंच वाटतं की ते ठरवणं आधी मंडळीतल्यांपुढे ठेवायला हवं.

---

निळा_दिवा

हळूहळू येणाऱ्यांच्या बाजूने मी निकदेम या परूशी पुढाऱ्याला उभं करते. योहानच्या शुभवर्तमानाच्या 3ऱ्या अध्यायात तो रात्री येशूकडे येतो. 'नव्याने जन्म' ऐकून गोंधळतो, प्रश्न विचारतो आणि मग गोष्टीतून निघूनच जातो. त्याने हो म्हटलं की नाही, योहान सांगत नाही. 7व्या अध्यायात तो सभेत एकच वाक्य बोलतो, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का, आणि त्याला टोमणा मिळतो की तूही गालीलातला का? 19व्या अध्यायात शिष्य पांगलेत आणि हा रात्रीचा माणूस गंधरस आणि अगरू यांचं मोठं ओझं घेऊन अरिमथाईकर योसेफाबरोबर येशूच्या प्रेताला हात लावायला येतो. वल्हांडण सणाची तयारी चालू असताना प्रेताला हात, म्हणजे विटाळ! शास्त्री माणसाला त्याचा अर्थ कळत होता.

तुरुंगाधिकाऱ्याला एक रात्र लागली, निकदेमाला येशूच्या सेवेचा सगळा काळ. तारीख सांगता येणं ही कसोटी होऊ शकत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांना आगगाडीत एका परक्या माणसाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते असे अडकले की पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. घरी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, संसार मोडला, त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. नंतर नवऱ्याकडे आल्या तरी सोवळंओवळं, वेगळी चूल, सगळं सांभाळून. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. आधी जातीभेदाचं ओझं मनातून गळून पडलं, माणसांनी केलेला भेद देवाचा असू शकत नाही हे त्यांचं त्यांना पटलं, आणि पाचेक वर्षांनी त्यांनी आपल्या पायांनी येऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी वाट पाहिली. मला त्या वाट पाहण्यात देवाच्या आमंत्रणाची रीत दिसते.

---

मांडवीकाठी

मी ख्रिस्ती नाही, मूळची गोव्याची. धागा आवडीने वाचते आहे. पण ज्या दाखल्यावर तुम्ही बोलताय त्यातच पुढे मालक दासाला सांगतो की रस्त्यांवर, कुंपणांपाशी जा आणि लोकांना आत येण्यास भाग पाड, माझं घर भरू दे. गोव्यात पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) 1560 साली आलं आणि 1812 पर्यंत राहिलं. आमच्या घरात देव रातोरात खाडीपलीकडे नेल्याच्या गोष्टी आजी सांगायची. आमंत्रण म्हणता, पण आमच्याकडे ते आमंत्रणासारखं आलं नाही. याला उत्तर काय?

---

भीमाकाठ

मांडवीकाठी, प्रश्न सरळ विचारलात त्याबद्दल आभार. उत्तरही सरळच द्यायला हवं.

त्या वचनाचा तसा वापर झाला आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत दोनातुसपंथीयांवर (मुख्य चर्चपासून फुटलेल्या ख्रिस्ती गटावर) राजसत्तेचा बडगा चालवणं योग्य ठरवताना संत ऑगस्टिन यांनी नेमकं हेच वचन पुढे केलं. एवढ्या थोर माणसाने ते केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. पुढची अनेक शतकं त्याची किंमत लोकांनी मोजली, तुमच्या आजीच्या घराण्यानेही.

दाखला काय म्हणतो ते बघा. दास एकटा आहे, त्याच्या हातात काठी नाही. तो ज्यांच्याकडे चाललाय ते कुंपणाच्या आडोशाला राहणारे, गावकुसाबाहेरचे लोक आहेत. मोठ्या वाड्यातून जेवायचं बोलावणं आलं तर असा माणूस काय म्हणेल? 'आम्हाला? चुकून आला असाल.' त्याला हाताला धरून सांगावं लागतं की खरंच तुलाच बोलावलंय. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू भेटलेल्या त्या दोघा शिष्यांनी संध्याकाळ झाली म्हणून येशूला 'आमच्याबरोबर राहा' असा फार आग्रह केला, तसा हा आग्रह. आणि एक गोष्ट महत्त्वाची. ज्यांनी नाही म्हटलं त्या श्रीमंत पाहुण्यांना मालकाने फरपटत आणलं नाही. नकार त्याला जिव्हारी लागला, पण त्याने तो मोडून काढला नाही. त्यांची पानं दुसऱ्यांना दिली, इतकंच.

ज्या बोलावण्याला नाही म्हणता येत नाही, ते सुवार्तेतलं बोलावणं नव्हे. गोव्यात झालं ते चुकीचं होतं असं मी ख्रिस्ती म्हणून म्हणते.

---

मांडवीकाठी

वाचलं. 'पण', 'परंतु' न लावता कुणी हे म्हटलं, बरं वाटलं. वाचत राहीन.

---

अनाम_वाचक

नाव देता येणार नाही, कारण पुढे कळेलच. चार वर्षं बायबल वाचतो आहे. येशूवर माझा विश्वास आहे, मोकळेपणाने सांगतो. रात्री सगळे झोपल्यावर प्रार्थना करतो. पण बाप्तिस्मा घेतलेला नाही.

आम्ही अनुसूचित जातीतले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालं की तो दर्जा जातो. धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू आहे, माझी नोकरी जातीच्या दाखल्यावर आहे, आईला तर हे सांगण्याची हिंमतच होत नाही. शिवारभाऊंचं शेत-बैल-बायको वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. माझीही सबब त्यातलीच आहे का? मी आमंत्रण स्वीकारलंय की नाही?

---

शिवार

भावा, तुझं वाचून पोटात कालवलं. तू माझ्या पोस्टीवरून स्वतःला दोष लावू नको. त्या तिघांना यायचंच नव्हतं. तू तर रात्री उठून बसतोस.

---

नवी_पहाट

तुमच्यासाठी प्रार्थना करतो. आणि खरं तेही सांगतो. येशूने त्याच अध्यायात, या दाखल्यानंतर लगेच, खर्चाचा हिशेब करायला सांगितलाय. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च काढतो. तुम्ही तेच करताय. पण हिशेब कधीतरी पुरा करावा लागतो. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे आणि ती मी सौम्य करून सांगू शकत नाही.

---

निळा_दिवा

अनाम_वाचक, तुम्ही एकटे नाही आणि पहिलेही नाही. टिळकांनी मिशनमधून बाहेर पडून 1917 साली 'देवाचा दरबार' काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांचा मेळा म्हणूनच. 1919 च्या मे महिन्यात ते वारले, काम अपुरं राहिलं. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं सांगणाऱ्या त्या माणसाला दारापाशी थबकलेल्यांची काळजी होती. नवी_पहाट म्हणतात ती आज्ञा आहेच. तरी ज्याने निकदेमाला रात्री भेटायला नकार दिला नाही, तो तुम्हाला देईल असं मला वाटत नाही.

कायद्यातला हा भेद अन्यायाचा आहे आणि त्यावर वर्षानुवर्षं न्यायालयात आणि बाहेर झगडा चालू आहे. तो ओलांडण्याचं ओझं एकट्या तुमच्या बहिणीच्या फीवर टाकायचं आणि आपण मंडळीने नुसतं 'धैर्य धर' म्हणायचं, हे मला पटत नाही. मंडळीने त्या फीची जबाबदारी घ्यायला हवी.

---

सेवा_वॉर्ड

मी परिचारिका. धागा रात्रपाळीत वाचला. इथे 'स्वीकारणं' यावर खूप झालं, 'सार्वकालिक जीवन' यावर कमी.

शेवटच्या दिवसांतली माणसं मी रोज पाहते. मरणानंतर काय, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. ख्रिस्ती घरातलेही. जास्त वेळा ऐकू येतं ते हे: 'सिस्टर, मी देवासाठी काहीच केलं नाही हो.' एक आजोबा होते. मंडळीत आयुष्यभर पंचकमिटीवर, छपराचे पत्रे बदलण्यापासून दफनभूमीच्या कुंपणापर्यंत सगळी कामं केलेली. तेही हेच म्हणायचे. मी त्यांना येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचं वाचून दाखवलं. त्याच्याकडे दाखवायला काय होतं? हात खिळलेले, पाय खिळलेले, बाप्तिस्मा नाही, सेवा नाही, भरपाई करायला एक दिवसही नाही. 'येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर.' उत्तर आलं ते 'आज'चं: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आजोबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, 'म्हणजे पत्र्यांचा हिशेब तो विचारणार नाही.' मी म्हटलं, नाही आजोबा. त्यानंतर ते जेवू लागले, दोन चमचे का होईना.

योहान 17:3 मध्ये येशू म्हणतो, सार्वकालिक जीवन हेच की त्यांनी तुला, एकाच खऱ्या देवाला, आणि तू पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखावं. ओळख आज सुरू होते. 5:24 मध्ये तर विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेलाच आहे असं म्हटलंय. आम्ही मात्र हे सगळं दफनविधीसाठी राखून ठेवतो. 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे भाऊ वारलेल्या मार्थेला सांगितलं तेव्हा ती जिवंत होती आणि तिला ते तेव्हाच हवं होतं.

---

पापडीचा_वारा

सेवा_वॉर्ड, तुमची पोस्ट घरी सगळ्यांना वाचून दाखवली.

एक प्रश्न बाकी राहिला. मत्तयच्या 22व्या अध्यायात हाच दाखला लग्नाच्या मेजवानीचा होऊन येतो आणि तिथे लग्नाचा पोशाख नसलेल्या माणसाला बाहेर टाकतात. रस्त्यावरून उचलून आणलेल्याला पोशाखाची सक्ती कशी?

---

भीमाकाठ

मलाही तो भाग अवघड जातो. मत्तय सांगत नाही पोशाख कुठून आला, म्हणून यजमानाने दिला होता असं ठामपणे मी म्हणणार नाही. पण एवढं दिसतं की बाकीचे सगळे, बरे-वाईट दोन्ही, रस्त्यावरूनच आले होते आणि त्यांच्या अंगावर पोशाख होता. आणि राजाने विचारल्यावर त्या माणसापाशी उत्तर नव्हतं. 'मला मिळाला नाही' असंही तो म्हणाला नाही. मी त्यातून घेते ते असं: आहेस तसा ये, पण आल्यावर राजाच्या घरचा हो. कृपेने आत आलेला माणूस हळूहळू बदलतो. बदलायचंच नाही असं ठरवून आत बसता येत नाही.

अनाम_वाचक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. तुम्ही आमंत्रण स्वीकारलंय की नाही हे मी ठरवू शकत नाही, पण ज्याची रात्रीची झोप त्याच्याशी बोलण्यात जाते तो घरी बसून राहिलेला नाही. बाप्तिस्म्याचं वर्ष आणि दिवस प्रभूशी बोलून ठरवा. एकट्याने ठरवू नका, एखाद्या विश्वासू पाळकांशी किंवा फादरांशी बोला. ऐकलेलं गुप्त ठेवणारे आणि घाई न करणारे आहेत. बहिणीच्या शिक्षणाचं मला निरोपातून कळवा. निळा_दिवा म्हणाल्या ते मी आमच्या मंडळीत मांडणार आहे, तुमचं नाव न घेता.

---

अनाम_वाचक

कळवतो, ताई. योहान पुन्हा पहिल्यापासून काढलाय, या वेळी मोठ्याने वाचतोय. काल आईने विचारलं काय वाचतोस. चौथा अध्याय चालू होता, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. तिला म्हटलं, बस, वाचून दाखवतो. पूर्ण ऐकला तिने.